सरासरीच्या खाली
(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला)

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयातील वक्तृत्व स्पर्धेत 'खानदेश मागे का?' या विषयावर मी बोलले होते. "महाराष्ट्राची सरासरी म्हणजे मुंबई-पुण्याची सरासरी. ती दोन शहरे बाजूला काढा, मग आमचा जळगाव आणि आमचा धुळे कोणाच्याही मागे नाही!" या माझ्या वाक्याला टाळ्या पडल्या आणि मला दुसरे बक्षीसही मिळाले. कार्यक्रम आटोपल्यावर अर्थशास्त्राचे सर जिन्यात भेटले. म्हणाले, "वाक्य छान होते. मुंबई काढली तर सरासरी किती होते?" मला उत्तर देता आले नाही. "काढून बघा," एवढेच म्हणून ते वर निघून गेले.

प्रस्तुत लेख म्हणजे त्या एका प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे. गणिताशी माझे फारसे सख्य नाही, हे माझ्या वर्गातील मैत्रिणी जाणतातच. परंतु या लेखात बेरीज, गुणाकार आणि भागाकार यांपलीकडे काही नाही. तेव्हा वाचकांनी आकडे पाहून पान उलटू नये, ही विनंती.

आधी आकडे पाहू. ते २०११ च्या जनगणनेचे आहेत. २०२१ ची जनगणना झालीच नाही, आणि पुढची २०२७ साठी जाहीर झाली आहे. त्यामुळे घरोघर जाऊन मोजलेला शेवटचा आकडा अद्यापि हाच. महाराष्ट्राची साक्षरता ८२.३४ टक्के, जळगाव जिल्ह्याची ७८.२०, धुळे जिल्ह्याची ७२.८० आणि नंदुरबारची ६४.३८. नंदुरबार राज्यात सर्वांत शेवटी आहे. म्हणजे जळगाव राज्याच्या सरासरीखाली सुमारे चार अंशांनी आणि धुळे साडेनऊ अंशांनी. मी 'टक्क्यांनी' न म्हणता 'अंशांनी' म्हणते याचे कारण असे, की टक्केवारीतून टक्केवारी वजा केली म्हणजे उरते ते टक्के नव्हेत. सरांनी ही चूक माझ्या कच्च्या प्रतीत चार ठिकाणी लाल शाईने दाखवली होती.

आता मुंबई काढू. मुंबई शहर व मुंबई उपनगर हे दोन जिल्हे मिळून २०११ साली लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती. राज्याच्या ११ कोटी २४ लाखांतील हा साधारण नववा हिस्सा. शहर जिल्ह्याची साक्षरता ८९.२१ व उपनगराची ८९.९१ टक्के. हा हिस्सा वजा करून उरलेल्या महाराष्ट्राची सरासरी काढली तर ती येते सुमारे ८१.४. म्हणजे मुंबई काढल्याने सरासरी एका अंशानेही खाली आली नाही! मला वाटले, माझे काही चुकले. पुन्हा केले, तेच आले. मग हट्टाने ठाणे (८४.५३) आणि पुणे (८६.१५) हे जिल्हेही काढून टाकले. राज्यातील जवळजवळ तीस टक्के माणसे हिशेबातून गेली, तरी उरलेल्यांची सरासरी ८०.४ च्या आसपास राहिली. जळगाव अजून दोन अंशांहून अधिक खाली आणि धुळे साडेसात अंशांहून अधिक खाली.

(हा हिशेब एकूण लोकसंख्येच्या प्रमाणाने केला आहे. खरे तर सात वर्षांवरील लोकसंख्या घ्यायला हवी, कारण साक्षरतेचा दर तेवढ्यांचाच काढतात. त्याने दशांश थोडे हलतील, परंतु निष्कर्ष हलणार नाही.)

तर माझे टाळ्यांचे वाक्य खोटे होते. बक्षिसाचा पेला मात्र अजून आमच्या घरी देव्हाऱ्याशेजारी आहे.

असे का व्हावे, याचा विचार करता एक गोष्ट लक्षात आली. सरासरी वर ओढायला नुसती संख्या मोठी असून भागत नाही, अंतरही मोठे असावे लागते. मुंबई संख्येने मोठी आहे, पण साक्षरतेत ती राज्यापेक्षा सातेक अंशच वर. दरडोई उत्पन्नाच्या बाबतीत मुंबईची गोष्ट वेगळी असेल. आपण उत्पन्नाविषयी ऐकलेला युक्तिवाद शिक्षणाला तसाच चिकटवतो, आणि मी नेमके तेच केले होते.

मग दुसरा युक्तिवाद पुढे येतो. तो आपल्या कट्ट्यावर, बसस्टँडवर, इतकेच काय पण स्टाफरूमच्या दारातही मी ऐकला आहे : "आपले नाव आदिवासी पट्ट्यामुळे खाली जाते." हा युक्तिवाद तपासण्याआधी आपल्या जिल्ह्यांचा थोडा इतिहास सांगितला पाहिजे. इंग्रजी अमदानीत खानदेश हा एकच मोठा जिल्हा होता. १९०६ साली त्याचे पूर्व खानदेश व पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले. तेच पुढे जळगाव व धुळे. आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. या शेवटच्या घटनेचा आपल्या विषयाशी निकटचा संबंध आहे. १९९१ चा 'धुळे जिल्हा' आणि २००१ चा 'धुळे जिल्हा' हे दोन निरनिराळे प्रदेश आहेत. त्या दहा वर्षांत धुळ्याने जी झेप घेतली असे कोणी सांगते, तिच्यातील काही भाग केवळ नकाशावर रेघ मारल्याने आलेला आहे.

हे आजच्या आकड्यांवरही दाखवता येते. २०११ मध्ये धुळ्याची लोकसंख्या २० लाख ५० हजार व नंदुरबारची १६ लाख ४८ हजार होती. दोघांना पुन्हा एकत्र केले तर जुन्या धुळे जिल्ह्याची साक्षरता सुमारे ६९ टक्के होते. (दोन दरांची नुसती बेरीज करून दोनाने भागू नये. तसे केल्यास ६८.५९ येते, कारण नंदुरबारला त्याच्या संख्येहून जास्त वजन मिळते. इथे फरक थोडा आहे, पण जिथे एक जिल्हा मोठा व दुसरा लहान असेल तिथे हीच चूक महागात पडते.) म्हणजे रेघ मारली नसती तर धुळे जवळजवळ पावणेचार अंशांनी खाली दिसला असता. एकही शाळा न वाढवता, एकही मास्तर न नेमता धुळे वर गेला. आणि ज्यांना मागे सोडले त्यांचा जिल्हा राज्यात शेवटचा ठरला.

आता आदिवासी पट्ट्याकडे वळू. २०११ साली अनुसूचित जमातींचे प्रमाण महाराष्ट्रात ९.३५ टक्के, जळगावात १४.२८, धुळ्यात ३१.५६ आणि नंदुरबारात ६९.२८ टक्के होते. राज्यातील अनुसूचित जमातींची साक्षरता ६५.७ टक्के होती. त्यावरून उरलेल्या समाजाची सुमारे ८४ टक्के येते. आता समजा, धुळ्यातील आदिवासी राज्यातील सर्वसाधारण आदिवासींइतकेच शिकलेले असते, आणि धुळ्यातील बिगर-आदिवासी राज्यातील सर्वसाधारण बिगर-आदिवासींइतकेच. तर धुळ्याची साक्षरता किती असती? उत्तर येते ७८ च्या थोडी वर. प्रत्यक्षात ती ७२.८० आहे. म्हणजे साडेनऊ अंशांच्या तुटीतील चारेक अंश लोकसंख्येच्या घडणीमुळे, आणि साडेपाच अंश अन्य कशामुळे तरी. जळगावचे असेच केले तर साडेएक्क्याऐंशीच्या जवळ आकडा येतो, प्रत्यक्षात आहे ७८.२०, चारातील सव्वातीन अंशांची तूट तशीच राहते.

शहरीकरणाचेही हेच. महाराष्ट्रात ४५.२२ टक्के लोक शहरांत राहतात. जळगाव जिल्ह्यात ३१.७४ व धुळ्यात २७.८४. राज्याची ग्रामीण साक्षरता ७७.०१ आणि नागरी ८८.६९. हे दर आपल्या गाव-शहर प्रमाणाला लावले तर जळगाव ८०.७ वर आणि धुळे ८०.३ वर असायला हवा होता. खेडी जास्त असल्याने धुळ्याची जी तूट पडते ती दोनच अंशांची. या दोन कारणांची बेरीज करण्याचा मोह मला झाला होता. पण ती करता येत नाही, कारण आदिवासी बहुतांशी खेड्यांतच राहतात आणि तीच माणसे दोनदा मोजली जातात.

या हिशेबाची वही मी वसतिगृहात खोलीत उघडी टाकली होती. माझी खोलीतली मैत्रीण शिरपूर तालुक्यातील सातपुड्याच्या पायथ्याची. घरी पावरी बोलतात. पहिलीत गेली तेव्हा मास्तरांचे मराठी तिला दिवाळीपर्यंत कळत नव्हते, हे तिनेच मला कधीतरी हसत सांगितले होते. तिने वही वाचली आणि विचारले, "मग आमच्यामुळे किती?" मी म्हटले, "चार." "आणि बाकीचे?" "बाकीचे आमचे." ती काही बोलली नाही, वही मिटून जागेवर ठेवली. तो 'चार' हा आकडा तरी तिच्या लोकांच्या नावावर का लिहावा, हे मला त्या रात्री सुचले. ज्या मुलीला शाळेत तिची भाषा मिळाली नाही तिच्यामुळे तूट पडली, असे म्हणायचे की शाळेमुळे? गणिताच्या पायरीत 'घडणीमुळे' असा निर्जीव शब्द आहे. तो वापरताना आपण काय म्हणत आहोत याचे भान राहत नाही.

आणखी एक सांगते. २०११ साली संपूर्ण भारताची साक्षरता जवळजवळ ७३ टक्के होती. म्हणजे देशाशी तुलना केली तर धुळे अगदी रेषेवर आणि जळगाव पाच अंशांनी वर! माझ्या भाषणात ही ओळ घातली असती तर ती खरी ठरली असती आणि टाळ्याही मिळाल्या असत्या. पण धुळ्याच्या मुलीला नोकरीच्या रांगेत पुढे-मागे उभी असणारी मुलगी बहुधा पुण्याची किंवा कोल्हापूरची असते, सगळ्या देशाची सरासरी तिच्या रांगेत नसते. म्हणून मी राज्याशी केलेली तुलनाच जास्त खरी धरते.

आकड्यांच्या व्याख्येविषयी थोडक्यात. १९८१ साली महाराष्ट्राची साक्षरता ४७.१८ टक्के अशी जुन्या पुस्तकांत आढळते आणि नव्या तक्त्यांत त्याच वर्षाची ५७.२४ अशी आढळते. दोन्ही बरोबर आहेत. पहिल्यात रांगती मुलेसुद्धा छेदात धरली होती. दुसऱ्यात सात वर्षांवरीलच माणसे. दहा अंशांचा फरक, आणि एकही माणूस नव्याने 'ग म भ न' शिकलेला नाही. लायब्ररीत जुने व नवे आकडे शेजारी ठेवून प्रगतीचा आलेख काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. (मी पहिला आलेख असाच काढला होता.) या नियमाने २०११ मध्ये मी स्वतः कुठेच नव्हते. चार वर्षांची होते, म्हणून अंशात नाही आणि छेदातही नाही.

साक्षरता झाली, आता निकाल. आपल्या चार जिल्ह्यांचा, म्हणजे नाशिक, धुळे, जळगाव व नंदुरबार यांचा, परीक्षा मंडळाचा एक विभाग आहे. मी दहावीला बसले त्या मार्च २०२२ च्या परीक्षेत राज्याचा निकाल ९६.९४ टक्के लागला आणि नाशिक विभागाचा ९५.९०, नऊ विभागांत सर्वांत कमी. तीच तुकडी दोन वर्षांनी, २०२४ मध्ये, बारावीला बसली. राज्याचा निकाल ९३.३७, नाशिक विभागाचा ९४.७१, कोकणाखालोखाल दुसरा! मुंबई विभाग ९१.९५ वर, शेवटी. तेव्हा आम्हां मुलांना कोण आनंद झाला. दहावीला शेवटी होतो, बारावीला दुसरे आलो, म्हणजे दोन वर्षांत खानदेशाने केवढी मजल मारली!

पण निकालाचा छेद कोणता? परीक्षेला बसलेले विद्यार्थी. जे बसलेच नाहीत ते कोठेच नाहीत. अकरावी-बारावीला तालुक्याच्या गावी जायला ज्यांच्याकडे एस.टी.चा पास नव्हता, ज्यांचे लग्न झाले, जे कामाला लागले, ते निकालातून गेले. आणि उरलेले साहजिकच टिकाऊ होते. मुंबईत दारातच कॉलेज असल्याने कच्चा विद्यार्थीही बारावीपर्यंत पोचतो आणि नापास होऊन का होईना, छेदात राहतो. हे सगळे असेच घडले असे मी सिद्ध केलेले नाही. परंतु निकालाचा आकडा पाहून मजल मारली म्हणणे आता माझ्याच्याने होत नाही. आमच्या आधीच्या वर्षी, २०२१ मध्ये, साथीमुळे दहावीची परीक्षाच झाली नाही आणि निकाल लागला ९९.९५ टक्के. परीक्षा न घेता सर्वांत चांगला निकाल लागतो, हेही आपल्या पिढीने पाहिले.

म्हणून गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी माझ्या गावी (साक्री तालुका) एक लहानसे काम केले. आमच्या पहिलीच्या वर्गात कोण कोण होते, याची यादी आठवून काढली, गावातल्या दोघी मैत्रिणींना विचारली आणि शाळेत जाऊन हजेरीपटाशी ताडून पाहिली. आम्ही २८ जण होतो. त्यांपैकी दहावीला १७ बसलो आणि सतराही पास झालो. म्हणजे आमच्या गावाचा निकाल शंभर टक्के. पहिलीपासून मोजले तर २८ पैकी १७, म्हणजे साठ टक्क्यांच्या जरा वर. त्या अकरांपैकी तिघे आईवडिलांबरोबर दाखला घेऊन परगावी गेले. ती कदाचित तिथे पास झाली असतील, म्हणून त्यांना छेदातून काढले. तरी २५ पैकी १७, म्हणजे ६८ टक्के.

राहिले आठ. पाच मुली आणि तीन मुलगे. तिन्ही मुलगे ऊसतोडीच्या घरांतले. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली बिऱ्हाडे गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात जातात आणि उन्हाळ्यात परततात. चौथी-पाचवीपर्यंत मुले आजीजवळ राहत. अंगात जोर आला की त्यांच्याही हातात कोयता. हजेरीपटावर मात्र त्यांची नावे आठवीपर्यंत होती. पाच मुलींपैकी दोघींची शाळा साथीच्या वर्षी सुटली. मोबाइल घरात एकच, आणि तो बापाच्या खिशात. शाळा पुन्हा उघडली तेव्हा एकीची सुपारी फुटली होती. एक माझ्या बाकावर बसत असे. ती गणितात माझ्या कितीतरी पुढे होती. हा लेख तिने लिहिला असता तर सरांची लाल शाई वाचली असती. आता तिला दोन वर्षांची मुलगी आहे. पंधरवड्याच्या बाजाराला भेटते, तेव्हा "तू कितवीला गं आता?" असे विचारते. मी सांगते.

या आठ जणांचा अभ्यास करताना मला वाटले, घरातही पाहावे. माझे आईवडील दोघे शेतमजूर. वडील सातवी, माय तिसरीत शाळेतून निघाली. २०११ च्या गणनेला प्रगणक आले तेव्हा माय शेतात होती आणि आजोबा ओट्यावर. "सूनबाई शिकलेली आहे का?" असे विचारल्यावर आजोबांनी "सही करते" असे सांगितले आणि ती साक्षरांत लिहिली गेली, असे घरात सांगतात. जनगणनेची व्याख्या अशी नाही. कोणत्याही भाषेत समजून वाचता आणि लिहिता येणारा तो साक्षर. नुसते वाचता येत असेल आणि लिहिता येत नसेल तर तो साक्षर नव्हे. मग सहीचे काय बोलावे! धुळ्याच्या त्या ७२.८० मध्ये माझी माय असावी. तिच्यासारख्या आणखी किती, हे त्या आकड्याला विचारून कळणार नाही.

याच व्याख्येने जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी १९५१ च्या जनगणनेत निरक्षरच ठरल्या असणार. त्या वर्षाच्या अखेरीस त्या वारल्या, दुसऱ्या वर्षी त्यांचा कवितासंग्रह निघाला, आणि आज आपल्या पदवीवर ज्या विद्यापीठाचा शिक्का उमटणार आहे त्याला २०१८ पासून त्यांचे नाव आहे. निरक्षर म्हणजे अडाणी नव्हे, हे सांगायला खानदेशात दुसरे उदाहरण शोधावे लागत नाही. पण माझी माय बहिणाबाई नाही. तिला बसची पाटी अक्षरे जुळवून वाचता येते, दवाखान्याच्या चिठ्ठीवरची तारीख कळते, आणि रेशनच्या पावतीवर काय लिहिले आहे ते दुकानदार सांगेल तेच तिला खरे धरावे लागते.

सुट्टी संपायच्या आदल्या रात्री मी तिच्यापुढे धाकट्या भावाचे दुसरीचे पुस्तक ठेवले. एक धडा तिने बोट लावून वाचला. जोडाक्षरांशी थांबत, पण अर्थ लावत. मग वही दिली. तिने स्वतःचे नाव लिहिले, माझ्या वडिलांचे लिहिले, गावाचे लिहिताना एक काना राहिला. "आज शेतात काय केले ते लिही," म्हटल्यावर तिने पेन्सिल बराच वेळ धरून ठेवली आणि "कापूस" एवढा एक शब्द लिहिला. तिला ठाऊक होते की मी काहीतरी मोजते आहे. विचारले, "मना नंबर कशामा लागना?"

मी वहीत दोन रकाने आखले होते. तिचे नाव मी दोन्हींच्या मधल्या रेघेवर लिहिले आहे, पेन्सिलीने. २०२७ च्या गणनेला प्रगणक येतील त्या दिवशी तिने शेतात न जाता घरी थांबावे, एवढे मात्र मी तिच्याकडून कबूल करून घेतले आहे.